जानेवारीचा पारा आणि केळीचा पोंगा: अकरावीच्या प्रकल्पाच्या नोंदी

१ जानेवारी

भूगोलाच्या प्रकल्पाचा विषय ठरला: आपल्या गावचा जानेवारी खान्देशच्या नेहमीच्या हिवाळ्यासारखा आहे की वेगळा? अकरावीची मुलं-मुली महिनाभर रोज कमाल आणि किमान तापमान, ढग, वारा आणि दव लिहून ठेवतील. महिना संपला की ते आकडे जुन्या नोंदींशी ताडून पाहू. गाव यावल तालुक्यात, फैजपूरच्या बाजूला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या पट्ट्यात नजर जाईल तिकडे केळी.

विषय मुलांच्या बोलण्यातूनच निघाला. वर्गातली निम्मी मुलं म्हणाली, यंदा थंडी पडलीच नाही. उरलेली म्हणाली, इतकी थंडी कधी पाहिली नाही. दोघंही एकाच गावात राहतात, एकाच सकाळी शाळेत येतात. मग मोजायलाच हवं.

२ जानेवारी

सिक्सचा तापमापक, म्हणजे कमाल आणि किमान दोन्ही नोंदवणारा, कपाटातून काढला. यू आकाराची नळी, तळाशी पारा आणि दोन्ही बाजूंना पाऱ्यावर टेकलेली एकेक बारीक निळी काडी. पारा काडीला ढकलत नेतो आणि मागे सरतो. काडी तिथंच अडकून राहते. किमानाची पट्टी उलटी असते, वरून खाली आकडे वाढतात, त्यामुळे मुलं पहिल्यांदा हमखास गोंधळतात. काडीचं खालचं, पाऱ्याकडचं टोक वाचायचं. डोळा काडीच्या पातळीत हवा. वरून वाकून पाहिलं की एक अंश इकडचा तिकडे होतो. वाचून झालं की लोहचुंबकाने दोन्ही काड्या पुन्हा पाऱ्यावर आणून ठेवायच्या.

तापमापक उघड्यावर टांगून चालत नाही. ऊन थेट पडलं तर तो हवेचं नाही, स्वतःचं तापमान दाखवतो. गावातल्या सुताराकडून झडपांची लाकडी पेटी करून घेतली आणि तिला पांढरा रंग दिला. वेधशाळेत स्टीव्हन्सन पेटी असते त्याच धर्तीवर: दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत शिरत नाही, आणि तापमापक जमिनीपासून चार फुटांवर. शाळेच्या मागे मोकळ्या मातीवर ती उभी केली. फरशीपासून आणि भिंतीपासून लांब, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्रभर ऊब सोडत राहते.

वाचनाची वेळ सकाळी साडेआठ. देशभरातल्या वेधशाळा सकाळची नोंद याच वेळी घेतात.

५ जानेवारी

प्रयोगशाळेत दुसरा तापमापक सापडला. दोन्ही एकाच पेटीत शेजारी शेजारी ठेवले. दुसरा अर्धा अंश जास्त दाखवतो. हा अर्धा अंश वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. त्याचा आकडा घेताना तेवढा वजा करायचा. दोन यंत्रं एका जागी जुळवून घेतल्याशिवाय दोन जागा ताडून पाहता येत नाहीत, हे मुलांना फार समजवावं लागलं नाही. वजनकाट्याचा अनुभव प्रत्येकाच्या घरी आहे.

आज वर्गात 'सरासरी' या विषयावर बोललो. हवामानशास्त्रात सामान्य तापमान म्हणजे तीस वर्षांची सरासरी. सध्या १९९१ ते २०२० ही तीस वर्षं धरतात. एखाद-दुसरं वर्ष फार गार किंवा फार उबदार निघालं तरी तीस वर्षांत ते विरघळून जातं. जळगावसाठी जानेवारीचं सामान्य किमान १२ अंशांच्या आसपास आणि कमाल ३० च्या आसपास येतं. म्हणजे एका दिवसात सतरा-अठरा अंशांचा फरक. मुंबईच्या माणसाला हे खरं वाटत नाही. आपल्याकडे मात्र सकाळी कानटोपी आणि दुपारी पंखा हे एकाच दिवसाचं वेळापत्रक आहे. समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा जमीन झपाट्याने तापते आणि रात्री तितक्याच झपाट्याने ती ऊब आकाशात सोडून देते.

८ जानेवारी

परवापासून आकाश स्वच्छ आहे आणि उत्तरेचा वारा पडला आहे. आज किमान ८.५.

शाळेला लागून ज्यांची बाग आहे ते आबा पेटीपाशी येऊन उभे राहिले. मुलीने आकडा सांगितला. आबा म्हणाले, "मॅडम, तुमचा आकडा राहू द्या, माह्या केयीले इचारा. नाल्याकडं चला एकडाव."

गेलो. त्यांची केळीची बाग नाल्याच्या काठाने उतरत जाते. वरच्या ओळी हिरव्यागार; खाली सखल भागात जावं तशी पानांच्या कडांवर पिवळी झाक. आबांचं म्हणणं साधं आहे: थंडी नाल्यात बसते. शाळेत बसत नाही.

भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड, ती उतारावरून खाली सरकते आणि सखल जागेत साचते. उत्तरेला सातपुड्यासारखा अख्खा डोंगर असेल तर रात्रभर हवा खाली यायला तोटा नाही. परीक्षेत मुलं या व्याख्येवर चार गुण मिळवतात. नाला शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे, तर तिथं मोजायला काय हरकत आहे?

सुताराकडून दुसरी पेटी करून घेतली, तीच मापं, तोच रंग. संध्याकाळी नाल्याकाठच्या बांधावर उभी केली. आबांनी स्वतः खड्डा खणला आणि पेटी हलणार नाही अशी ठोकून दिली.

११ जानेवारी

या तीन सकाळचे आकडे असेच्या असे:

९ जानेवारी: शाळा ८, नाला ६.
१० जानेवारी: शाळा ८, नाला ६.
११ जानेवारी: शाळा ८.५, नाला ६.५.

अर्ध्या अंशाची दुरुस्ती धरूनचे हे आकडे आहेत. एकाच गावात दोन अंशांचा फरक! वर्गात पहिल्या दिवशी झालेलं भांडण इथं बऱ्यापैकी मिटलं. थंडी नाही म्हणणारी बरीच मुलं वरच्या आळीतली, सिमेंटच्या घरांमधली. कडाका म्हणणारी मळ्यात राहणारी.

एका मुलाने तोरणमाळची बातमी आणली: दवबिंदू गोठले. नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळ आणि डाबची ही बातमी कडाक्याच्या थंडीत बहुतेक वर्षी येते. त्याचा प्रश्न चांगला होता: हवा शून्यावर गेलेली नसताना दव कसं गोठतं? कारण आपण हवा चार फुटांवर मोजतो. उघड्या आकाशाखाली गवताचं पातं त्या हवेपेक्षा कितीतरी जास्त गार होतं. म्हणून वेधशाळांमध्ये गवताच्या पातळीवरचं किमान मोजायला वेगळा तापमापक ठेवतात. केळीचं पान गवतासारखं जमिनीलगत नसलं तरी उघड्या आकाशाखालीच असतं, हे लक्षात ठेवायला हवं.

१३ जानेवारी, भोगी

आज जुन्या विक्रमांचा तक्ता केला. राज्यातल्या मोठ्या शहरांचे नीचांक मुलांनी जमवले आणि मी तपासले. पुणे १.७ अंश, १७ जानेवारी १९३५. नाशिक ०.६ अंश, ७ जानेवारी १९४५. नागपूर ३.९ अंश, ७ जानेवारी १९३७; हा विक्रम २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांवर मोडला. मुंबईत सांताक्रूझला ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२.

नागपूरच्या जुन्या तारखेपाशी मी थांबले. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन डिसेंबर १९३६ च्या अखेरीस झालं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष. देशभरातून आलेली माणसं बांबू आणि चटयांनी उभारलेल्या टिळकनगरात राहिली. नागपूरचा पारा ३.९ वर गेला तो त्यानंतर दीड आठवड्याच्या आत. मुलांना अधिवेशन इतिहासात शिकवतात आणि हिवाळा भूगोलात. दोन्ही एकाच थंडीतले आहेत, हे आज पहिल्यांदा एका कागदावर आलं.

मग एका मुलीने जुने अंश फॅरनहाइटमध्ये बदलून पाहिले. पुण्याचे झाले ३५, नाशिकचे ३३, नागपूरच्या १९३७ चे ३९. तिन्ही पूर्ण आकडे! जुन्या नोंदी फॅरनहाइटमध्ये होत असत, त्यामुळे आज आपण १.७ आणि ०.६ असा दशांश लिहितो तो बहुधा नुसत्या रूपांतरातून आलेला आहे. त्या वेळच्या निरीक्षकाने वहीत ३५ आणि ३३ लिहिलं असेल. फॅरनहाइटचा एक अंश म्हणजे सेल्सिअसचा अर्ध्याहून थोडा जास्त. म्हणून जुना विक्रम दशांशाच्या फरकाने मोडला अशी बातमी वाचली की जरा थांबून विचार करावा. या मुलीने मला न विचारता हे केलं. प्रकल्पात आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं काम हेच.

खान्देशच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळे. नंतर पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, आणि नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळा झाला. आजही हिवाळ्यात बातम्यांमध्ये खान्देशचा पारा म्हणून येतो तो बहुतेक धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या नोंदीचा, आणि तिथली थंडी राज्यात पहिल्या दोन-चारांत असते. धुळे पांझरेच्या खोऱ्यात, आम्ही तापीच्या. धुळ्याचा आकडा वाचून यावलच्या शेतकऱ्याने घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये.

१४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी. वाचन नियमित. दिवस डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच मोठा होऊ लागला आहे, पण जमीन आधी साचलेली ऊब घालवत राहते, म्हणून थंडी जानेवारीत टिकते.

१९ जानेवारी

परवा दुपारपासून ढग. काल संध्याकाळी चार थेंब पडले. पश्चिमी विक्षोभ म्हणून जे आपण बातम्यांत ऐकतो ते हेच: भूमध्य समुद्राकडून येणारे वातावरणातले गोंधळ उत्तर भारतावरून सरकतात, हिमालयात बर्फ पाडतात आणि त्यांची कड कधी कधी आपल्यापर्यंत पोहोचते. हरभरा फुलात आहे, घाटे धरू लागलेत. असं हवामान टिकलं तर घाटेअळी येणार, म्हणून सगळे आकाशाकडे डोळे लावून आहेत.

आज किमान १४, कमाल २२. दिवसभर मुलांच्या अंगावर स्वेटर.

आणि इथंच या महिन्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हाती आली. दिवसाची सरासरी आपण कमाल आणि किमान यांची बेरीज करून, निम्मं करून काढतो. आजची सरासरी १८. मागे जाऊन १० जानेवारी पाहिली: कमाल २८, किमान ८. सरासरी १८!

एक दिवस निरभ्र, सकाळी हाडं गोठवणारा, दुपारी उन्हाचा. दुसरा दिवस ढगाळ, दिवसभर गारठा पण रात्र उबदार. वहीत दोन्ही दिवस १८. महिन्याच्या सरासरीत दोघांचं वजन अगदी सारखं पडणार. केळीला मात्र १० तारखेची रात्र लागली आणि आजची रात्र लागणार नाही.

फळ्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि मुलांना विचारलं, थंडी कोणत्या दिवशी जास्त? कोणीही एका शब्दात उत्तर दिलं नाही. त्यांनी उलट विचारलं: कोणाला?

२० जानेवारी

ढगाळ, वारा. शाळा आणि नाला यांचे किमान सारखेच, दोन्हीकडे १५. ढग रात्री जमिनीची ऊब अडवून धरतात आणि वारा हवा ढवळून टाकतो, त्यामुळे गार हवेला नाल्यात साचायला उसंतच मिळत नाही. म्हणजे शाळा आणि नाला यांतला फरक कायमचा 'वजा दोन' असा धरता येत नाही. तो ज्या रात्री नुकसान करतो नेमका त्याच रात्री असतो.

२३ जानेवारी

आकाश पुन्हा मोकळं. आबांच्या बागेत दीडेक तास होतो.

सखल भागातल्या झाडांचे पोंगे जवळून पाहिले. पोंगा म्हणजे मधलं गुंडाळलेलं नवं पान. एरवी ते बघता बघता सुटतं. इथं ते अर्धवट सुटून थांबलं आहे, टोक करपलेलं. ज्या झाडांची निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, सुरू झाली होती त्यांपैकी काहींचा घड गळ्यातच अडकला आहे, कमळ (केळफूल) बाहेर यायला वाट नाही, एका बाजूने खोड फुगलेलं. आबांनी एक कच्चं केळ तोडलं आणि विळ्याने त्याची साल पातळ तासली. सालीच्या आत, हिरव्याच्या खाली, तपकिरी रेघा. बाहेरून केळ स्वच्छ दिसत होतं. पिकलं की हे पिवळंधमक होणार नाही, मळकट राखाडी राहणार, आणि व्यापारी भाव पाडणार.

इथं या रोगाला चरका म्हणतात. खरं तर रोग नाही. ना बुरशी, ना किडा. पारा साधारण १२-१३ च्या खाली गेला की फळाच्या सालीतल्या नळ्यांना इजा होऊ लागते आणि १० च्या खाली झाडाची वाढच थांबते. फवारणीने बरं होत नाही. आबा रात्री पाणी देतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन ऊब जास्त धरते. पण त्यासाठी रात्रीची लाइट असावी लागते. उत्तरेच्या बांधावर शेवरी लावली आहे ती वारा अडवते. नाल्यातून सरकत येणारी गार हवा मात्र तिने अडत नाही.

मग मोठा प्रश्न निघाला. आबांनी विचारलं, "मंग याले थंडीची लाट म्हन्तील का नाही?"

भारतीय हवामान विभागाचा मैदानी भागासाठीचा निकष असा: किमान तापमान १० किंवा त्याखाली हवं आणि ते सामान्यापेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी हवं. किंवा पारा थेट ४ किंवा त्याखाली गेलेला हवा. सामान्य किमान १२ धरलं तर लाट म्हणायला ७.५ पर्यंत उतरावं लागेल. शाळेत ८ होतं. लाट नाही.

फळपीक विम्याचा निकष वेगळा. हवामानावर आधारलेल्या या योजनेत केळीसाठी १ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान ८ किंवा त्याखाली राहावं लागतं, आणि आकडा धरतात तो महसूल मंडळासाठी ठरलेल्या संदर्भ हवामान केंद्राचा. आमच्या वहीत शाळेचे ८, ८, ८.५. तिसऱ्या दिवशी अर्ध्या अंशाने साखळी तुटली. नाल्यात ६, ६, ६.५. तिथं साखळी शाबूत आहे.

आमची पेटी काही अधिकृत नाही, तिच्यावर कोणाला भरपाई मिळणार नाही, हे मुलांना आणि आबांना स्पष्ट सांगितलं. पण केंद्र कुठे उभं आहे, उंचवट्यावर की सखल भागात, शेतात की इमारतीशेजारी, याला किती वजन आहे हे आता प्रत्येक मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. यातली बरीच मुलं उद्या हीच बाग करणार आहेत.

२६ जानेवारी

ध्वजवंदनानंतर वाचन. किमान ११. ज्यांचा गहू आहे ते पालक खूश. थंडीने फुटवे चांगले आले आणि ओंबी भरायला वेळ मिळतोय. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरलेलेही समाधानी. संध्याकाळी मळ्यात पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर) भरिताची वांगी भाजली, सगळा वर्ग होता. केळीवाले आणि गहूवाले शेजारी बसून त्याच थंडीला नावं ठेवत आणि गुण गात होते.

३१ जानेवारी

आकडेमोड पूर्ण. शाळेतल्या किमानाची महिन्याची सरासरी १२ च्या किंचित वर, कमालीची ३० च्या किंचित खाली. म्हणजे जळगावच्या तीस वर्षांच्या सामान्य जानेवारीला जवळजवळ चिकटून. नुसता हा निकाल लिहिला असता तर प्रकल्प एका वाक्यात संपला असता: यंदाचा जानेवारी नेहमीसारखा.

पण मुलांनी तसं लिहायला नकार दिला, आणि त्यांचं बरोबर आहे. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातला कडाका आणि तिसऱ्या आठवड्यातले ढग एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरासरी सपाट होते. म्हणून आम्ही तक्त्यात आणखी दोन रकाने घातले: किमान १० च्या खाली गेलेल्या रात्री, आणि त्यांतली सगळ्यात लांब सलग साखळी. हे दोन्ही शाळा आणि नाला यांच्यासाठी वेगवेगळे. केळीचा हिवाळा या दोन रकान्यांत दिसतो. गव्हाचा हिवाळा सरासरीत दिसतो. दोन्ही खरे आहेत.

इतिहासाशी तुलना याच रकान्यांत करायची तर तीस वर्षांची मासिक सरासरी पुरत नाही, रोजचे किमान आकडे लागतात. ते पुण्याला शिवाजीनगरच्या हवामान कार्यालयात असतात, जुने लोक त्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात. जळगावच्या जानेवारीच्या रोजच्या नोंदी मिळाव्यात म्हणून अर्ज तयार केला, मुलांच्या सह्यांनिशी.

आमच्या शाळेचा एक महिना आणि जळगावची तीस वर्षं ही सरळ तुलना नव्हे, हेही अहवालात लिहिलं आहे. जागा वेगळी, यंत्र वेगळं. दोन्हीकडचे त्याच दिवसांचे आकडे काही हिवाळे शेजारी शेजारी मांडले तरच आपल्या पेटीचा जळगावशी असलेला नेहमीचा फरक कळेल. म्हणून प्रकल्पाची वही पुढच्या अकरावीकडे जाणार.

३ फेब्रुवारी

अहवालाची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली. लोक थांबून वाचत होते, आणि बहुतेकांचं बोट थेट नाल्याच्या रकान्यावर जात होतं. दोघांनी विचारलं, आमच्या मळ्यात पेटी लावता येईल का? एकाची बाग तापीच्या काठाला आहे, दुसऱ्याची पार सातपुड्याच्या पायथ्याला. दोन्ही जागा हव्याच आहेत. सुताराला मापं दिली. तापमापक आधी आमच्या पेटीत ठेवून जुळवून घेऊ, मगच बसवू.

नाल्यावरची पेटी २८ फेब्रुवारीपर्यंत हलवायची नाही. बारावीची प्रात्यक्षिकं सुरू झाली की सकाळी आम्हाला तिकडे जायला जमणार नाही. ते वाचन आबा घेतील. काडीचं कोणतं टोक वाचायचं ते त्यांना आज मुलांनी दाखवलं.